चोपडेकाकांचे नापास तोफगोळे

चोपडेकाका पहिल्यांदा तुमच्या घरी आले, की आधी तुमचं घर वाजवून पाहतात. मधल्या बोटाचं पेर वाकवायचं, टक्कन मारायचं आणि डोळे मिटून कान पुढे करायचा. पाण्याची टाकी, गॅसचा सिलिंडर, धान्याची कोठी, जे वाटेत येईल ते. माझ्या घरी ते प्रथम आले तेव्हा सोफ्यावर माझे पुण्याचे मेहुणे बसले होते. नुकतंच जेवलेले, सदऱ्याची खालची दोन बटणं सोडलेली, जगाशी समेट झालेला. काकांनी सिलिंडर संपवला, कोठी संपवली, आणि त्याच ओघात मेहुण्यांच्या पोटावर टक् केलं.

काका कान देऊन ऐकत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भरीव हाये भाऊ. पण धोक्याचं नाही."

मेहुणे त्यानंतर आमच्या नांदुऱ्याला मुक्कामी राहिले नाहीत. बायको काकांवर आठवडाभर धुसफुसत होती. मी मात्र त्या टक्‌च्या आवाजातच त्या माणसाच्या प्रेमात पडलो.

पुंडलिक चोपडे, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार, आमच्या समोरच्या घरात राहतात. माझा लग्नपत्रिका छापायचा धंदा आहे, त्यामुळे गावातली झाडून सगळी माणसं मला माहीत. पण असा माणूस माझ्या प्रेसमध्ये दुसरा आला नाही. काका रणगाड्यावर होते. शेवटची बरीच वर्षं त्यांनी रणगाड्याच्या नव्या तोफगोळ्यांची चाचणी घेणाऱ्या तुकडीत काढली. कारखान्यातून नव्या घडणीचा गोळा यायचा. ही मंडळी वाळवंटात तो तोफेत भरायची, उडवायची, मोजायची आणि बहुतेक वेळा "नाही जमलं" असा शेरा मारून परत पाठवायची. जो पास झाला त्याला नाव मिळालं, तो फौजेत गेला. जो नापास झाला त्याच्या बुडाशी हातानं ठोकलेला एक नंबर, बस्स. पुढे त्याचं नावही कोणी काढत नाही.

काका जमवतात ते हे नापास. आणि त्यांतलेही मुके. म्हणजे वजन पाहायला, मापं जुळवायला, तोफेत नीट बसतो का ते बघायला जे नमुने बनवतात ते. आत बारूद नाही, जन्मापासून नव्हती. तिच्या जागी तेवढ्याच वजनाचं प्लास्टर नाहीतर वाळू, आणि बहुतेकांच्या कुशीला आरपार भोकं, म्हणजे आंधळ्यालाही हात लावून कळावं की हा मेलेला आहे. जुन्या सरकारी मालाचे लिलाव होतात, तिथला माल घेणारे भंगारवाले देशभर पसरलेत, आणि काकांनी त्या सगळ्यांशी सोयरीक असल्यासारखे संबंध ठेवलेत. रात्रभर रेल्वेनं जायचं आणि मांडीवर गोधडीत गुंडाळलेला गोळा घेऊन परत यायचं. डब्यात कोणी विचारलं, तर "नातू हाये, झोपला हाये" म्हणून सांगायचं. आणलेल्या प्रत्येकाची नोंद पोलीस ठाण्यात. ठाण्यातले लोक नुसतं काकांना फाटकात पाहून चहा सांगतात, कारण काम लवकर संपणार नाही हे त्यांना अनुभवानं कळलंय.

आपल्या बैठकीत जिथे शोकेस असतं, काचेचे हंस आणि मुलांचे कप असतात, तिथे काकांच्या घरी सागवानी फळ्यांवर हे सगळे उभे. काळे, हिरवट, निळे. एखाद्या लग्नात फोटोसाठी उभ्या केलेल्या पण फोटोग्राफर न आलेल्या मंडळींसारखे.

"रंगावर जाऊ नका," हे काकांचं ब्रीद. "रंग कोनीबी देते. पट्टी पाहा."

पट्टी म्हणजे गोळ्याच्या कमरेला असलेली तांब्याची पट्टी. गोळा तोफेतून सुटला, की नळीच्या आतले आटे त्या पट्टीवर तिरपे वळ उमटवतात. वळ असले तर उडालेला. पट्टी नितळ असली तर कधी उडालाच नाही. काकांना ही कसोटी इतकी पटली होती, की त्यांनी ती साऱ्या सृष्टीला लावली. माझ्या प्रेसवर एकदा एक उमेदवार प्रचाराची पत्रकं छापायला आले, मोठ्या आवाजात बोलून गेले. काका कोपऱ्यात बसून होते. उमेदवाराची पाठ वळताच म्हणाले, "पट्टी कोरी हाये. कधी उडला नाही हा." बाजारात वांगी घेतानासुद्धा ते वांग्याचं देठ उलटून बघत. भाजीवाली म्हणायची, "काका, पट्टी नाई वं माय त्याले, घ्या न मुकाट्यानं!"

माणसांचे त्यांनी तीन वर्ग पाडले होते. सरावाचा, कवायतीचा आणि प्रयोगाचा. माझ्या मेहुण्यांचा निकाल त्यांनी नंतर सविस्तर दिला. "कवायतीचा गोळा. उचला, भरा, काढा, ठेवा. आयुष्यभर तेच. नुकसान काई नाही त्याचं, आवाजबी नाही." मी भीत भीत विचारलं, "अन् मी?"

"तुमची चाचणी सुरू हाये भाऊ."

अशा माणसाची चूकही साधी नसणार. एकदा आमच्या भंगारवाल्या रहीमभाईंकडे त्यांना एक लांबुडकी, जाड, बुडाशी गोल कडा असलेली वस्तू दिसली. काकांनी ती घरी आणली, तेलात बुडवली, ब्रशनं घासली, भिंग लावलं. मला कामावरून बोलावून नेलं. "भाऊ, इतिहास हाये हा! असे आटे मी जिंदगीत पाह्यले नाही. ह्या घडणीचा एकच लॉट आलता, अन् तो चाचणीच्या आधीच रद्द झालता!" दोन-तीन दिवस ते जमिनीवर नव्हते. मग रहीमभाई दुसऱ्या कामानं आले, त्यांनी दारातूनच पाहिलं आणि म्हणाले, "मामू, ये तो जिनिंगवाले दाब-मशीन का दट्ट्या है. कपास की गठान दबाते ना उससे? जोडीदार मेरे पास और पड़ा है. लाऊं?"

मी हसू दाबायला खिडकीकडे गेलो. काकांनी दट्ट्या पुसून पुन्हा फळीवर ठेवला, इतरांच्या रांगेत.

"आता काऊन ठेवता काका?"

"एवढा पाव्हनचार झाला त्याचा," काका म्हणाले, "आता कोन्या तोंडानं जाय म्हनू?"

आता यमुनाकाकू. त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. काका वाळवंटात गोळे नापास करत होते तेव्हा काकू नांदुऱ्याच्या या घरात एकट्या राहायच्या, आणि त्यांचं वर्ष भुलाबाईभोवती फिरायचं. आमच्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेला मातीची भुलाबाई बसते. तिथून कोजागिरीपर्यंत महिनाभर गल्लीतल्या मुली रोज संध्याकाळी घरोघर जातात, टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की त्या घरचा खाऊ ओळखतात. खाऊ झाकलेल्या डब्यात. मुली डबा हलवतात, कानाशी नेतात, हुंगतात, "गोड का तिखट?" म्हणून छळतात. ओळखला की खाऊ वाटायचा आणि पुढचं घर गाठायचं.

काकूंचं दुःख एवढंच होतं, की मुली फार हुशार होत्या. डबा हातात घेतला न घेतला, की "चकली!" आणि पळाल्या. काका निवृत्त होऊन घरी आले, बैठकीत लोखंड भरलं, त्या वर्षी काकू कमरेवर हात ठेवून त्या फळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

"एवढं लोखंड आनलं घरात. यातलं एक तरी कामाचं हाये काय?" आणि मधल्या फळीवरच्या एका जाड्या, काळपट गोळ्याकडे बोट. "ह्याचं टोपन उघडते?"

काका त्या गोळ्याला आडवे गेले असणार. कारण तो त्यांच्या संग्रहाचा मुकुटमणी. त्याला भोक नव्हतं, आत कधी काही भरलेलं नव्हतं, कोऱ्या पोलादाचा, वरचं टोपण आट्यांवर फिरणारं. आणि तो त्यांना ओळखता आला नव्हता. त्या वर्षांतला प्रत्येक प्रायोगिक गोळा आपल्या हाताखालून गेला असा त्यांचा दावा होता, आणि हा एक कुठून आला, कोणी घडवला, कशासाठी, काही कळत नव्हतं.

"आवं, तो अभ्यासाचा हाये!"

"अभ्यास चालू द्या तुमचा. मले महिनाभर पाह्यजे."

काकूंनी तो चिंच आणि राखेनं घासला, आत कापडात गुंडाळलेला डबा बसवला, टोपण फिरवलं आणि मुलींसमोर ठेवला. उचलेना. हलेना. वाजवला तर नुसतं बद्द. हुंगला तर लोखंडाचा वास. मुली घामाघूम झाल्या. "करंजी? शेव? सांजोरी? मुरमुरे? काकू, भेंडीची भाजी हाये काय?" आणि काकू उंबऱ्यावर हनुवटी तळहातात धरून बसलेल्या. मधे मधे एकीला तिच्या कानातल्यांबद्दल विचारायच्या, दुसरीला तिच्या आईच्या गुडघ्याबद्दल, तिसरीची वेणी सुटलेली असली तर ओढून घेऊन घालून द्यायच्या. काळोख पडायला लागला तरी मुली तिथेच. तेव्हापासून गल्लीत एक नियमच झाला, चोपड्यांचं घर शेवटी घ्यायचं, कारण तिथून लवकर सुटका नाही.

चार वर्षांमागे काकू गेल्या. त्या वर्षी भुलाबाई बसली तेव्हा मुलींनी समंजसपणे ते घर वगळायचं ठरवलं होतं. पण संध्याकाळी पाहतो तर काका उंबऱ्यावर, शेजारी गोळा, अंगात इस्त्रीचा सदरा. मुली बिचकत गेल्या, गायल्या. बेसनाचे लाडू काकांनी स्वतः केले होते. टोपण उघडल्यावर एक जण म्हणाली, "आजोबा, कोळसा हाये काय हो?" काका इतके हसले, की त्यांना भिंत धरावी लागली. मग ते शिकले. माझ्या बायकोकडून चिरोटे, रहीमभाईंच्या घरून शिरखुर्म्याचा अंदाज, आणि आपल्या डोक्यातून एकेक भयंकर मिश्रणं. वर्षभर ते बोलायचे तोफगोळ्यांबद्दल, पण श्रावण लागला की माझ्याशी दबक्या आवाजात सल्लामसलत सुरू. "भाऊ, कळण्याच्या पुरीले कोनी ओळखन काय?"

यंदा काकांच्या शेजारच्या रिकाम्या घरात सोनोने मॅडम राहायला आल्या. शाळेत शिक्षिका, नवरा बदलीच्या गावी, घरात त्या आणि त्यांची परी. भुलाबाईच्या पहिल्याच संध्याकाळी परी उशिरा घरी गेली. आईनं विचारलं, "कुठं गेलतीस?"

"बॉम्बमधला खाऊ खायले."

पुढचं तुम्हाला सांगायला नको. मॅडमनी खिडकीतून फोटो काढला, तो कॉलनीच्या मोबाईल ग्रुपवर गेला, दुसऱ्या कॉलनीच्या ग्रुपवर तो पोहोचेपर्यंत एका फळीच्या तीन खोल्या झाल्या होत्या, आणि सकाळी फौजदारसाहेब एका शिपायाला घेऊन दारात.

काकांना इतकं खूश मी क्वचित पाहिलं. त्यांनी ब्लेझर घातला. सतरंजी झटकली. वरच्या फळीपासून सुरुवात केली. पट्टी, वळ, आटे, वाळू, प्लास्टर. फौजदार भला माणूस, अर्ध्या फळीवरच म्हणाला, "काका, मले पटलं. तुमची नोंद हाये ठाण्यात. तक्रार आली म्हून यावं लागलं फक्त."

"बसा साहेब. आता खालची रांग."

"ड्युटी हाये काका."

"पोहे टाकले हायेत."

शिपायानं आशेनं साहेबाकडे पाहिलं. पोहे झाले, चहा झाला, जिनिंगच्या दट्ट्याची कथाही झाली. शेवटी फौजदारसाहेब जवळजवळ पाठमोरे चालत फाटकापर्यंत पोहोचले. काकांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता. "पुन्हा तक्रार आली तं या बरं साहेब. लाजू नका."

पण त्या संध्याकाळी मुली आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. आमच्या अंगणात टिपऱ्या वाजत होत्या, आणि काका समोर उंबऱ्यावर गोळ्याशेजारी बसून ऐकत होते. मी तावातावानं सोनोने मॅडमशी भांडायला निघालो होतो, तेवढ्यात मॅडमच काकांच्या फाटकात उभ्या. मीही जाऊन उभा राहिलो, अर्थातच काकांच्या बाजूनं.

"काका, पोलिसांनी सांगतलं मले," मॅडम म्हणाल्या. "तुमचे गोळे मेलेले हायेत, मले मान्य. माफी मागते. पन एक सांगू? रागावू नका."

"बोला न बाई."

"माही परी आठ वर्साची हाये. तिले आता असं वाटते का, हे असं दिसलं म्हंजे त्यात खाऊ राह्यते. उद्या कुठं वावरात, रस्त्यात, खरंच असं काही पडलेलं दिसलं तिले, तं ती टोपन उघडून पाहीन का नाही?"

मी काकांकडे पाहिलं. हा माणूस आयुष्यभर प्रत्येकाला एकच गोष्ट बजावत आला होता, की जमिनीवर पडलेल्या कुठल्याही लोखंडाला हात लावायचा नाही, फौजेला कळवायचं. चाचणीच्या मैदानाजवळच्या वस्त्यांवर जाऊन पोरांना ओळीत बसवून त्यांनी हे शिकवलं होतं.

"बरोबर हाये तुमचं, बाई," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "बरोबर हाये. माह्या ध्यानात काऊन नाही आलं हे?"

मॅडम कळवळल्या. "काका, फळीवरचे राहू द्या हो. फक्त खाऊ त्यात नका ठेवू."

"घरात हायेत तंवर पोट्ट्यांचा हात जाईनच. ते नाही चालत."

पलीकडच्या जिल्ह्यातली एक सैनिकी शाळा त्यांच्या संग्रहासाठी कधीपासून मागे लागली होती. काकांनी त्याच रात्री फोन केला. मी सांगून पाहिलं, "काका, सगळे द्या, तो एक ठेवा. काकूंचा."

"तो तं पह्यला गेला पाह्यजे भाऊ."

शाळेची गाडी आली. दोन शिक्षक आले होते, हातमोजे घालून, फार अदबीनं एकेक उचलत होते आणि प्रत्येकाला चिठ्ठी बांधत होते. काका सांगत होते, ते लिहीत होते. त्या दिवशी काकांनी एकालाही वाजवलं नाही. दट्ट्याची पाळी आली तेव्हा काकांनी तो मुकाट्यानं काढून माझ्या हातात दिला, "रहीमभाईले द्या वापस." शेवटी तो जाडा काळपट राहिला. शिक्षकांनी विचारलं, "सर, ह्याचं काय लिहू?"

काकांनी त्याच्या टोपणावर हात ठेवला. मला वाटलं आता ते काही बोलतील, काकूंबद्दल, मुलींबद्दल.

"लिहा," ते म्हणाले, "ओळख पटली नाही."

संध्याकाळी बैठकीत नुसत्या फळ्या होत्या आणि त्यांच्यावर बुडांचे गोल डाग. काकांनी आंघोळ केली, सदरा घातला, उंबऱ्यावर स्टीलचा डबा घेऊन बसले. मुली आल्या. सगळ्या आल्या, मॅडमही परीचा हात धरून आल्या. काकांचं घर शेवटचं घ्यायचं हा नियम मॅडमना कोणी सांगितला नव्हता, त्यांनी मुलींना आधी तिथेच नेलं. मी आमच्या फाटकाशी उभा राहून पाहत होतो. टिपऱ्या झाल्या. गाणी झाली. काकांनी दोन्ही हातांनी डबा पुढे केला आणि गुडघे सावरून, आता निवांत बसायचं म्हणून, भिंतीला पाठ टेकायला मागे सरकले.

परीनं डबा एकदा हलवला. "शेंगदान्याचे लाडू!"

"हाव!" सगळ्या ओरडल्या.

काकांची पाठ अजून भिंतीला लागायची होती. त्यांनी डबा उघडला, लाडू वाटले. "येतो आजोबा!" आणि टिपऱ्या खणखणत त्या आमच्या अंगणात शिरल्या. काका आपल्या उंबऱ्यावर उघडा डबा मांडीवर घेऊन बसले होते. आमच्याकडे गाणी सुरू झाली तेव्हा त्यांनी झाकण लावलं. उघडलं. पुन्हा लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा निरोप आला, की प्रेस बंद करून या. गेलो. बैठकीत रिकाम्या फळ्यांवर डबे होते. पितळेचे, स्टीलचे, जर्मनचे, झाकणाचे, कडीचे. खाली सरकी, गव्हाचा कोंडा, जुन्या साड्यांच्या चिंध्या, आणि परातीत तऱ्हेतऱ्हेचा खाऊ, आठ माणसांच्या घरातही संपला नसता इतका.

"लाडू वाजते," काका म्हणाले. डोळे लाल दिसत होते, पण आवाज चाचणीच्या मैदानावरचा. "माहीच चूक. गोलाकार वस्तू, मोकळी जागा, वाजनच. सरकीत दाबून पाह्यलं, कमी झाला, पन पुरता नाही. हा घ्या. आता कोंडा भरला हाये. संध्याकाळच्या आत पक्कं कराचं हाये. डोळे मिटा अन् ओळखा."

मी डोळे मिटले. डबा कानाशी धरून हलवला. आतल्या शंकरपाळ्यांनी मला आपलं नाव, गाव आणि गोत्र सांगितलं. शिवाय घरभर तळणाचा वास होता.

"भजे?" मी म्हणालो.

"भजे वाजतात काय भाऊ?"

"मग... चिवडा असन."

"चिवडा सरसर करते. हे सरसर हाये काय?"

मी पुन्हा हलवला. विचारात पडल्यासारखं केलं. एक डोळा किंचित उघडून पाहिलं, तर काका माझ्यासमोर उकिडवे बसले होते, हनुवटी तळहातात धरून.

"सांजोरी?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले आणि माझ्याजवळ पाट सरकवला. "बसून नीट ऐका. घाई काय हाये तुम्हाले?"